हलीमाआपा आणि कावेरीच्या ओळी

माणसाला शिकवायचं कसं, हे हलीमाआपाला जितकं कळत होतं तितकं मी बघितलेल्या एकाही मास्तराला कळत नव्हतं. आणि मी मास्तर पुष्कळ बघितले आहेत. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाच्या वाट्याला ते जरा जास्तच येतात. आपा स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात, भास्करदादांच्या मिरचीच्या शेडनेटमध्ये ती बायकांना क्रॉसिंग शिकवायची. मी त्या भागात एका बियाण्याच्या कंपनीचा फिल्डमन. म्हणजे मोटारसायकलवर गावं पालथी घालायची, वहीत सह्या करायच्या आणि काही बिघडलं की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. अकरा वर्षांत आपाच्या हाताखालून दीड-दोनशे बायका तयार झाल्या. एकच झाली नाही. आपाचा विषय निघाला की लोक त्या दीड-दोनशे बायकांच्या गोष्टी सांगतात. मला मात्र ती एकच आठवते, आणि मग माझं जेवणावरचं लक्ष उडतं.

क्रॉसिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिरचीचं फूल आपलं आपणच फळ धरतं. आम्हाला बी हवं असतं ते दोन जातींच्या संकराचं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर चिमट्याने उघडायची, आतले केसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा. लोकर बांधलेलं फळ आपलं. जे फूल आपला हात लागायच्या आधीच उमललं ते मात्र तोडून खाली टाकायचं. ते राहिलं तर आपोआप फळ धरतं. त्याला आमच्याकडे ‘सेल्फ’ म्हणतात, आणि सेल्फचं बी मिसळलं की तपासणीत अख्ख्या शेडचं बी नापास होतं. काम एवढंच. पण ते शिकायला कोणाला एक दिवस पुरतो, तर कोणाला महिना कमी पडतो.

आपा नव्या बाईची परीक्षा घ्यायची ती चहाच्या वेळी. आल्या आल्या चिमटा हातात द्यायची नाही. लोकरीचा एक गुंता द्यायची. “बैस, एवढं सोडव तवर,” म्हणायची आणि बशीतला चहा ओढत भलतीकडेच बघितल्यासारखं करायची. एखादी गुंता घेतल्याबरोबर ओढायला लागायची. एखादी शेजारणीला “हे कसं गं?” विचारता विचारता तिच्या माहेरची, सासरची सगळी चौकशी करून घ्यायची. एखादी आधी उलटसुलट फिरवून टोक शोधायची. आणि एखादी “कोणी केला हा गुंता? आमच्याकडं न्हाई बाई असं सामान ठेवत,” म्हणून तोंड सोडायची. चहा संपेस्तोवर आपाचा निकाल लागलेला असायचा. ही हाताची, ही तोंडाची, ही डोळ्याची आणि ही रागाची.

“जसा सोभाव तसं शिकणं, सायेब,” ती मला सांगायची. “बडबडीला बोलू द्यायचं. बोलता बोलता तिचं तिलाच कळतं. दांडगीच्या हातावर हात ठेवायचा, अन् तोंडातून शब्द काढायचा न्हाई. मुकी, गरीब असंल तर चांगल्या बाईच्या शेजारी उभी करायची अन् सोडून द्यायची. ती बघून घेती बराबर.”

“आणि रागाची?”

“तिला चुका दाखवायच्या.”

“तिच्या?”

“न्हाई. आपल्या.”

याचा प्रयोग मी लंकाबाईवर होताना बघितला. लंकाबाई म्हणजे गावातली नामांकित भांडखोर. पाण्याच्या टाकीवर तिचा नंबर लागला की बाकीच्या बायका घागर ठेवून घरी जायच्या. तिला काही सांगायला गेलं की “मला शिकवतीस का?” हे ठरलेलं. आपाने तिला काहीच शिकवलं नाही. पाच कळ्या स्वतः उघडल्या, तीन कळ्यांमध्ये मुद्दाम केसर ठेवले आणि म्हणाली, “लंका, बघ जरा. चष्मा घरी राह्यला माझा.” चष्मा पदराच्या गाठीत होता. लंकाबाईने वाकून बघितलं आणि शेड दणाणून सोडलं. “आपा, तुम्ही लोकांला काय शिकवू राह्यल्या? तुम्हालाच येत न्हाई की! हे राह्यलं, हे राह्यलं, अन् हे कोण काढणार?” संध्याकाळपर्यंत तिने आपाच्या आणखी साठ कळ्या दुरुस्त केल्या आणि ती तयार झाली. पुढे ती शेडमधली सगळ्यात चांगली कामकरीण ठरली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आपाला क्रॉसिंग मी शिकवलं. आपा बाजूला उभी राहून मान डोलवायची.

एका वर्षी कंपनीने आम्हाला जालन्याला प्रशिक्षणाला बोलावलं. शहरातून एक टाय लावलेला तरुण आला होता. त्याने माणसांचे स्वभाव आणि त्यांच्या शिकण्याच्या पद्धती यांवर दोन तास पडद्यावर चित्रं दाखवली आणि मग प्रत्येकाला चाळीस प्रश्नांचा कागद भरायला दिला. माझ्या कागदावर ‘निरीक्षक’ असा निकाल आला. घरी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली, कारण डोळ्यांसमोरची मिठाची बरणी मला कधीच सापडत नाही. आपालाही त्या दिवशी गाडीत घालून नेलं होतं. मागच्या खुर्चीवर बसून तिने सगळं नीट ऐकलं. येताना म्हणाली, “पोरगं हुशार आहे. बोलला ते बराबर बोलला. पण चाळीस सवाल कशाला? मला एक गुंता पुरतो.” मी तेव्हा फार खूश झालो होतो. हे वाक्य मी दहा ठिकाणी तरी सांगितलं असेल. आता वाटतं, त्या कागदाने माणसाला निदान चाळीस गोष्टी विचारल्या तरी होत्या.

आपाच्या घरचं फारसं मला माहीत नाही. नवरा पिंजारी होता, गाद्या भरायचा, तो लवकर गेला. मुलगी संभाजीनगरला दिलेली. एक खोली, एक बकरी, आणि अंगणात डब्यांमध्ये लावलेल्या मिरच्या. कोणाला ‘चुकलीस’ म्हणताना मी तिला ऐकलं नाही. कोणाचं काम बिघडलं की ती “फिरसे” एवढंच म्हणायची. कंपनीचे साहेब आले तरी उठायची नाही, पण नवी बाई पहिल्या दिवशी दारात बिचकून उभी राहिली की उठून तिच्यापर्यंत जायची.

कावेरीलाही ती अशीच दारातून आत घेऊन आली.

कावेरी विशीची. माहेर घनसावंगीकडचं, नदीच्या बाजूचं. नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, आठवड्याला सुट्टीपुरता गावी यायचा. लग्नाला दोन वर्षं झालेली. तिने गुंता पदराच्या टोकावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसती बघत बसली. मग एक टोक धरलं आणि एकदाही न ओढता सगळी लोकर मोकळी केली. आपा माझ्याकडे बघून हसली. “डोळ्याची. इतक्या सालात अशी डोळ्याची पाह्यली न्हाई मी.”

तिला लंकाबाईच्या शेजारी उभं केलं आणि ठरल्याप्रमाणे सोडून दिलं. चौथ्या दिवशी कावेरीचं काम बघून मी चाट पडलो. कळीला ओरखडा नाही, केसर एकही मागे नाही, लोकरीची गाठ सारखी. तिला काहीही विचारलं की ती मान हलवायची. जमतंय का, मान. पाणी पिणार का, मान. आपा ज्याला त्याला सांगायची, “हिला मी एक शब्द शिकवला न्हाई.” तेव्हा ती हे अभिमानाने सांगायची. नंतर हेच वाक्य ती माझ्यासमोर कितीदा म्हणाली, ते मला ऐकवत नसे.

तीन आठवडे गेले. मी शेडमध्ये शिरलो की झाडं बघतो. आपा जमीन बघायची. चांगल्या बाईच्या ओळीखाली तोडून टाकलेल्या पांढऱ्या फुलांचा थर असतो, कारण रोज काही ना काही फुलं हातातून निसटतातच. त्या सकाळी मी वहीत लिहीत होतो आणि आपा कावेरीच्या तीन ओळींमधून जाता जाता थांबली. खाली एक फूल नव्हतं. तिने झाड हाताने वर उचललं. झाडावर लोकरच लोकर होती, असायला हवी त्याच्या दीडपट.

“कावेरी,” आपा म्हणाली, “उमललेली फुलं कुठं टाकती गं?”

कावेरीने मान हलवली. पण या प्रश्नाला मान हलवून भागणार नव्हतं. तीन आठवड्यांत असा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

“टाकत न्हाई.”

“का?”

“मला तोडायची न्हाईत.” मग तिने खाली बघत सांगितलं, अगदी हळू. “मागच्या साली एक गेलं माझं, तिसऱ्या महिन्यात. तवापासून मायनं नेम दिला. कूस उजवेस्तोवर उमललेलं फूल आपल्या हातानं तोडायचं न्हाई.”

“मंग त्याला लोकर कशापायी बांधली?”

“लोकर बांधलेल्याला कोणी तोडत न्हाई. मी पाह्यलं.”

खरंच होतं. ती बघूनच शिकली होती. शेडमध्ये लाल धागा असलेल्या फळाला कोणी हात लावत नाही, हे आम्ही कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिने ते लंकाबाईच्या शेजारी उभं राहून टिपलं आणि ज्या फुलांचा जीव जाणार होता त्या सगळ्यांना धागे बांधून टाकले. आपा दर गुरुवारी दर्ग्याला जाणारी बाई. कशासाठी धागा बांधतात हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती ओळीतच खाली बसली.

“मला सांगितलं का न्हाई बेटी?”

“तुम्ही इचारलं न्हाई, आपा.”

आता त्या तीन ओळींमध्ये खरं फळ कोणतं आणि सेल्फ कोणतं, हे देवालाही सांगता आलं नसतं. आपा मला शेडबाहेर टाकीपाशी घेऊन गेली. म्हणाली, “सायेब, त्या ओळी राहू दे. फळं झाडावरच वाळू दे. बी घेऊ नको तिथलं.” मी नाही म्हणालो. तपासणीवाले आले तर उभं सेल्फ दिसता कामा नये, तोडणीच्या वेळी कोणाकडून तरी मिसळतंच, सगळं शेड बाद झालं तर भास्करदादांचं वर्ष आणि वीस बायकांचं काम गेलं. यातला एक शब्द खोटा नव्हता. पण दोरी बांधून त्या ओळी वेगळ्या ठेवता आल्या असत्या. थोडी खटपट पडली असती, दोन वेळा जास्त यावं लागलं असतं. मला त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती.

भास्करदादा कळल्याबरोबर म्हणाले, त्या पोरीला आजच्या आज काढा. आपाने सांगितलं, तिला काढलं तर मीपण चालले. शेवटी ठरलं ते असं की फळं आपाने तोडायची आणि कावेरी फुलं तोडायला शिकली तर राहील. कावेरीनेही मान हलवली. घरात बसून सासूचं तोंड बघण्यापेक्षा तिला शेड बरं वाटत असावं. काम सुटू नये म्हणून ती शिकायला तयार झाली, आणि ते सुटू नये म्हणूनच आपा शिकवायला.

आपाने रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “माझं चुकलं. ती डोळ्याची न्हाई, भ्यालेली आहे. भीती डोळ्यानं जात न्हाई. हातानं जाती.” आणि तिने कावेरीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. दांडग्या बायकांचा घ्यायची तसाच. अंगठा आणि बोट एका उमललेल्या फुलाच्या देठावर ठेवलं. “तुझ्या देवाचं नाव घे. एकच फूल. मी आहे ना.” मी दोन हात अंतरावर उभा होतो. कावेरीने हात मागे घेतला नाही. आपाच्या हाताखाली तिचा हात दिसतही नव्हता. फूल तुटलं.

“देखा? काय झालं? काही झालं का?”

कावेरी हसली, असं मला तेव्हा वाटलं. त्या दिवशी तिने आपली आपण दहा-बारा फुलं तोडली. लंकाबाई म्हणाली, शिकली बाई एकदाची. आपाने दुपारी एकटीने त्या तीन ओळींची सगळी हिरवी फळं उतरवली, लोकरीसकट, आणि पोत्यात भरून बांधाच्या पलीकडे नेऊन टाकली. कावेरीला दिसू नयेत म्हणून.

अकरा दिवसांनी कावेरी कामावर आली नाही. लंकाबाई बातमी घेऊन आली. कावेरीला चौथा महिना होता. मागच्या वेळचा धसका म्हणून तिने सासूशिवाय कोणाला कळू दिलं नव्हतं. रात्री रक्त गेलं, भोकरदनला नेलं, मूल गेलेलंच होतं.

आपा तशीच, हाताला मिरचीचा वास असलेली, लंकाबाईला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सासूला सांगितलं होतं की बाळाचे ठोके दोन-तीन आठवड्यांपूर्वीच थांबलेले असणार. यात कोणाचा दोष नाही. आपाने ते सासूकडून ऐकलं, मग स्वतः डॉक्टरीणबाईंना दारात गाठून विचारलं, मग पुन्हा विचारलं. “म्हणजे फुलाच्या आधीच ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कोणतं फूल?” आपाला सांगता येईना. लंकाबाईने तिला हाताला धरून बाहेर आणलं. हे मला लंकाबाईनेच सांगितलं, आणि तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं.

फुलाने मूल जात नाही, हे आपाला कळत होतं. ती मला म्हणालीसुद्धा, “खुदा असा हिशेब करत न्हाई, सायेब. मला ठावं आहे. पण तिला ठावं न्हाई ना. तिच्या हातावर हात माझा होता.” मी माझ्या दोन गावांबद्दल तिला कधी सांगितलं नाही. आज इथेच पहिल्यांदा लिहितो आहे.

कावेरीला माहेरी नेलं. महिना झाला, दीड महिना झाला, ती परत येईना. मग कळलं की ती कोणाशी बोलतच नाही. आधीही ती बोलकी नव्हती, पण आता आईशी नाही, नवरा येऊन गेला त्याच्याशी नाही. मानही हलवत नाही. एक-दोन घास खाते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. जालन्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, गोळ्या चालू होत्या. आपाने हे ऐकलं आणि शेडमधला आपला चिमटा लंकाबाईच्या हातात दिला. “मी येते जाऊन,” म्हणाली. तिला माफी नको होती. त्या पोरीने एक शब्द बोलावा, कोणाशी का होईना, एवढंच तिला हवं होतं. त्याच्यापुढे तिला काही दिसेनासं झालं.

भोकरदनहून जालना, तिथून घनसावंगीची गाडी, पुढे काळीपिवळी जीप, शेवटी दोन किलोमीटर पायी. पंचावन्न वर्षांची बाई. पहिल्या खेपेला ती बंद दाराशी दोन तास बोलली. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द सांगितला. आतून काही नाही. दुसऱ्या खेपेला दवाखान्याचा कागद घेऊन गेली, कावेरीच्या आईने दार उघडलं, आपाने कागद कावेरीच्या डोळ्यांसमोर धरला. कावेरीने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या खेपेला आपा त्यांच्या शेतात गेली आणि दिवसभर कापूस वेचला, कावेरीची आई नको नको म्हणत असताना. तिला वाटलं, हात चालताना बघून पोरगी उठून येईल. ती आली नाही. परत आल्यावर आपा टाकीच्या कट्ट्यावर बसून मला हे सगळं सांगायची आणि शेवटी विचारायची, “आता कसं करू?” मला. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला. तिच्या गालाची हाडं वर आली होती. बकरी तिने शेजारी देऊन टाकली होती.

चौथ्या खेपेला मीच म्हणालो, आपा, मी नेतो. अंबडच्या पुढे चहाला थांबलो तर तिने कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. “आज रागानं करून बघते. तेवढंच राह्यलं आहे. तिला म्हणते, मला मार.”

“आपा, तिला आता काही करून बघू नका.”

“मंग काय करू? मरू देऊ तिला?”

मी गाडी चालू केली. गावात पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात कावेरीची आई सुपात तुरी निवडत होती. दार अर्धं उघडं. आपाने चपला काढल्या, उंबऱ्यापाशी गेली आणि ओरडायलाच लागली. “कावेरी! बाहेर ये! शिव्या दे मला, दगड मार. मी तोडलं तुझं फूल. माझ्या हातानं तोडलं. ये ना गं!” शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. मला कुठे बघावं कळेना. कावेरीची आई उठून म्हणाली, “आपा, असं नका करू. पोरीची परीक्षा घेतल्यासारखं होतंय. बसा तुम्ही.” आपा उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसली. मग आवाज खाली आला.

“मला येत न्हाई गं कावेरी. दोनशे बायकांला शिकवलं म्हणती दुनिया. मला तुझ्याजवळ यायचं कसं ते येत न्हाई. तूच सांग मला. मी करते.”

आपाचा हात सवयीने समोरच्या सुपाकडे गेला, खडे वेचू लागला.

“आपा.”

आवाज घरातून आला. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. कावेरीच्या आईने पदर तोंडात कोंबला.

“तुम्ही जवा बघावं तवा काईतरी शिकवायलाच येता. मला काई शिकायचं न्हाई आता.” मग, “बसायचं असंल तर गप बसा.”

आपाने तोंड उघडलं होतं ते मिटलं. सूप बाजूला सारलं. जमलेल्या बायका एकेक करून निघून गेल्या. मी अर्धा तास बाभळीखाली उभा राहिलो, तासभर राहिलो, मग मला अंबडला पोचायचं होतं. आपाने माझ्याकडे बघून मानेनेच सांगितलं, तू जा.

ती पुन्हा शेडवर आली नाही. पुढे माझा भाग बदलला. उन्हाळ्यात लंकाबाईचा फोन आला, आपा गेली म्हणून. तोवर किती खेपा झाल्या, कावेरी पुढे किती बोलली, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

त्या दिवशी निघताना मी वळून बघितलं होतं. कावेरी आतून सरकत दाराशी आली होती आणि चौकटीच्या आतल्या बाजूला, आपाकडे पाठ करून बसली होती. आपा बाहेर. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, वर्गात दटावलेलं पोर धरतं तसे, आणि ती समोर अंगणाकडे बघत होती.